एक सुनावणी, तीन वाटा

काकीच्या नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं गेलं, तेव्हा ती माझ्यापासून चार हातांवर पाटावर बसलेली होती. अंगावर इस्त्रीची साडी, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी, समोर पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला माझा फोन. दोन तास ती तशीच बसून होती. नंबर लागला, पलीकडच्या साहेबांनी तिचं नाव पुकारलं, ती "हो साहेब, मी" एवढं म्हणाली आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. आम्ही पुन्हा आत शिरेपर्यंत पुढच्या माणसाची सुनावणी सुरू झाली होती. चार दिवसांनी कागद आला. अर्जदार गैरहजर.

काकी आमच्या शेजारच्या खोलीत राहते. नात्याची नाही, पण माझं अर्धं बालपण तिच्या ओट्याखाली बसून गेलं. लालबागमधली आमची चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. जो भाडेकरू पात्र ठरेल त्याला नव्या इमारतीत घर मिळेल. जो ठरणार नाही त्याने कुठे जायचं, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. काकीच्या खोलीची भाडेपावती अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर होती. सासरे गेले, मागोमाग नवरा गेला, आणि नाव बदलायचं राहून गेलं. म्हणून तिला सुनावणीत सांगायचं होतं की लग्न झाल्यापासून ती याच खोलीत राहते आहे, आणि कॅमेऱ्यातून ती खोली दाखवायचीही होती. चूल, मोरी, पोटमाळा, दारावरचा नंबर, सगळं. त्यामुळे माझ्या ऑफिसात किंवा कुणा नातेवाइकाकडे बसून हे काम होणारं नव्हतं. कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलो, तर खिडकीतून दोनच शब्द आले, "लिंकवर या."

आम्ही अर्ज केला. दुसरी तारीख मिळाली. पत्राखाली एक ओळ होती: ही संधी अंतिम समजावी.

त्या संध्याकाळी मी जे करते ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा होता, 'गैरहजर कोण?' दोन पानं, सतरा उद्गारचिन्हं. आमच्या घरात दुसरी सवयच नाही. बाबा गिरणीत होते, आणि गिरणीपेक्षा जास्त युनियनमध्ये होते. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पाहुणा आला की खाटेवरचे गठ्ठे उचलून त्याला बसायला जागा करावी लागे. सुट्टीत इतर मुलं गावाला जायची. मी आणि बाबा जमिनीवर बसून पानं लावायचो. म्हणजे एक नंबरच्या पानांची चळत, दोनची, तीनची, चारची, असे ढीग गोल मांडायचे आणि गोल फिरत एकेक पान उचलून पत्रक जुळवायचं. पानं कुठल्या क्रमाने आली याला महत्त्व नसे. नंबर बघून लावली की झालं.

मी पत्रक काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं, मध्येच उठून कुकरची शिट्टी काढली आणि म्हणाली, "झकास लिवलंस. पण गो बाय, ह्या वाचून तो साहेब माका हजर करतलो काय?"

"लोक जागे होतील, काकी."

"लोक जागेच आसत. तुझा इंटरनेट झोपता."

गिरगावातल्या एका छोट्या कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. ते बंद पडले तर मला फोन येतात. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या शेजारणीचं बोलणं पहिल्याच वाक्यात तुटलं होतं. पत्रकाचा कागद मी घडी करून ठेवून दिला आणि कॉल का तुटला ते शोधायला बसले.

कारण साधं होतं. फोन आमच्या वायफायवर होता. वायफाय क्षणभर गेलं, फोनने शहाणपणा करून मोबाइलच्या नेटवर्कवर उडी मारली, आणि उडी मारताच त्याचा पत्ता बदलला. इंटरनेटवरच्या संभाषणाचा जुना नियम असा की हे संभाषण दोन पत्त्यांमध्ये बांधलेलं असतं. एकाचा पत्ता बदलला की पलीकडच्याच्या लेखी तो माणूस गेला. तोच आवाज, तोच चेहरा, तेच अर्धवट वाक्य घेऊन तुम्ही दुसऱ्या दाराने आलात तरी तुम्ही नवे. पुन्हा रांगेत उभे राहा. हा नियम वाचताना माझं डोकं तापलं, कारण हाच नियम ते काकीला लावत होते. पावतीवर सासऱ्यांचं नाव, सासरे नाहीत, म्हणजे खोलीत कोणीच नाही.

पण इंटरनेटचा नियम बदलता येतो, आणि तो लोकांनी बदललाही आहे. नव्या पद्धतीला मल्टिपाथ टीसीपी म्हणतात. तिच्यात संभाषण सुरू होतानाच दोन्ही टोकं एकमेकांना विचारतात, अनेक वाटांनी बोललं तर चालेल का? दोघांचा होकार असेल तर ते एक खूण ठरवतात. मग दुसऱ्या वाटेने कोणी आलं आणि त्याने ती खूण दाखवली, तर त्याला त्याच संभाषणात घेतात. एका कॉम्प्युटरला दोन कनेक्शनं असतील, तर काही तुकडे या तारेने जातात, काही त्या तारेने. प्रत्येक तुकड्यावर नंबर असतो. पलीकडचा कॉम्प्युटर नंबर बघून ते लावतो. एक तार तुटली तर तिच्यावरचे राहिलेले तुकडे दुसरीने जातात, आणि बोलणं चालू राहतं.

हे मी जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे पानं लावायची."

"पानंच लावायची, बाबा."

"मग एवढी पुस्तकं कशाला वाचतेस? मला विचारायचंस."

एक अडचण होती. नियम एका टोकाने बदलून चालत नाही. दोन्ही टोकांना तो मान्य हवा, आणि त्या कार्यालयाच्या यंत्राला असल्या गोष्टीचा पत्ता असण्याची शक्यता नव्हती. म्हणून मी एका डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. माझ्या लॅपटॉपपासून त्या सर्व्हरपर्यंत नवा नियम, अनेक वाटा, सगळी पानं नंबर घालून. तिथे पानं जुळली की पुढे साहेबांच्या यंत्रापर्यंत जुन्याच पद्धतीने, एका वाटेने. साहेबांना दिसणार एकच पत्ता, तो सर्व्हरचा, आणि तो काही हलणार नव्हता. चाळीत काय कोसळतं आहे ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

दोन वाटाही ठरल्या. एक आमच्या खोलीतलं ब्रॉडबँड, दुसरं काकीच्या पलीकडे राहणाऱ्या मास्तरांचं. दोन्ही वेगळ्या कंपन्यांची, हे मी मुद्दाम बघून घेतलं. आमच्या खिडकीतून निळी वायर, मास्तरांच्या दारातून करडी, दोन्ही काकीच्या खोलीत आणून लॅपटॉपला जोडल्या. लॅपटॉप दोन शेपट्यांचा झाला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. बाबा आमच्या खोलीत फोन घेऊन बसले, काकी तिच्या खोलीत लॅपटॉपसमोर. ती बोलत असताना मी निळी वायर खेचून काढली. चित्र किंचित अडखळलं, पण काकीचं वाक्य पूर्ण गेलं. भिंतीपलीकडून बाबा ओरडले, "चालू आहे!" निळी लावली, करडी काढली. पुन्हा "चालू आहे!" दारात जमलेल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मी खोटं बोलणार नाही, मला त्या टाळ्या आवडल्या.

काकीने मात्र टाळी वाजवली नाही. "आता दोनव काढ बघू."

"दोन्ही काढल्या तर काय उरणार, काकी?"

"ताच तर मी विचारतंय."

सगळे हसले. मीही हसले. बाबा तोवर येऊन उंबऱ्यात उभे होते, ते हसले नाहीत.

"या दोन वायरी खाली कुठे जातात?"

"कंपन्या वेगळ्या आहेत, बाबा."

"कंपन्या विचारत नाहीये मी. पूल विचारतोय."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी लहानपणापासून बाबांच्या संपातल्या गोष्टी ऐकत आले, पण ही त्यांनी कधी सांगितली नव्हती. कारण हिच्यात ते हरले होते. संपाच्या दिवसांत पुलापलीकडच्या गिरण्यांच्या गेटवर पत्रकं पोचवायची होती. पकडली जाऊ नयेत म्हणून बाबांनी हुशारी केली. गठ्ठ्याचे दोन भाग केले, दोन माणसांना दिले, दोघांना वेगळ्या गल्ल्यांतून पाठवलं. एक बाजारातून, एक चाळींच्या मागून. पण दोन्ही गल्ल्या शेवटी करी रोडच्या पुलावरच चढत होत्या. पोलीस पुलावर उभे होते. त्यांनी गल्ल्यांमध्ये शिरायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

"तिसरा गठ्ठा चिंचपोकळीच्या पुलावरून पाठवायला हवा होता," बाबा म्हणाले. "पण मला वाटलं, दोन वाटा म्हणजे पुष्कळ झाल्या."

मी वाद घातला. मी म्हणाले, तो काळ वेगळा, ही तांत्रिक गोष्ट आहे, मी हे काम पोटासाठी करते. जिन्याखाली दोन्ही वायरी एका लोखंडी पेटीत शिरताना मी रोज बघत होते. पण पेटीला केबलवाल्याचं कुलूप होतं आणि मी त्याला ते उघडायला लावलं नव्हतं. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. फक्त म्हणाले, "ठीक आहे. तिसरी वाट घेते, तुमच्या समाधानासाठी."

तिसरी वाट म्हणजे मोबाइलचं नेटवर्क. आणि इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्या चाळीत मोबाइलला रेंज नाही, आणि याला कारण मीच आहे. दोन वर्षांपूर्वी चाळीच्या छपरावर मोबाइल टॉवर बसवायचं घाटत होतं. छप्पर आधीच खचलेलं, त्यात भाडेकरूंना विचारलेलं नाही. मी पत्रक काढलं, 'आमच्या डोक्यावर तुमचा टॉवर नको!' ते घरोघर गेलं, सभा झाली, टॉवर रद्द झाला. ते पत्रक मी आजही मागे घेणार नाही. पण तेव्हापासून खोल्यांमध्ये फोनवर एक काडी आली तर आली. भक्कम रेंज चाळीत एकाच ठिकाणी मिळते. गॅलरीच्या टोकाला, संडासांच्या बाहेर.

"तिथे मी उभा राहतो फोन घेऊन," बाबा म्हणाले. "गेटवर पहारा केलाय. इथे काय!"

बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट तिथून काकीच्या खोलीपर्यंत, चार दारं ओलांडून, कसाबसा पोचत होता. मी लॅपटॉपला ती तिसरी वाट राखीव म्हणून नोंदवली. म्हणजे आधीच्या दोन असतील तोवर तिला हात लावायचा नाही.

राहिली शांतता. काकीचा आवाज मुळात लहान, आणि आमच्या चाळीत सकाळी अकरा वाजता पाण्याचा पंप, तीन टीव्ही आणि एक मिक्सर हे ठरलेलं असतं. आमच्याकडे एक रीत आहे. कुणाच्या घरी दहावी-बारावीची परीक्षा असली, कुणी गेलं असलं, की तळमजल्यावरच्या फळ्यावर दोन ओळी लिहायच्या आणि अख्खी चाळ आवाज कमी करते. मी खडू घेतला. दोन ओळींत माझं भागत नाही. मी लिहिलं:

'उद्या सकाळी अकरा वाजता आपल्या काकीच्या हक्काच्या खोलीची अंतिम सुनावणी! चाळीत एकही आवाज होता कामा नये. जो आवाज करील तो बिल्डरचा माणूस!'

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही तयार होतो. काकीने तीच साडी नेसली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, फोन छातीशी धरून गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात तीन वाटांचे तीन आकडे उघडे ठेवले होते. पहिले दोन पळत होते, तिसरा शून्यावर. खाली पंपाची घरघर सुरू होती. बाकी चाळ इतकी गप्प की समोरच्या मजल्यावर कुणी भांडं ठेवलं तरी कळावं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी नाव पुकारलं गेलं.

"हो साहेब, मी हजर आहे," काकी म्हणाली. घरात मालवणी बोलणारी काकी साहेबांशी पुस्तकातलं मराठी बोलत होती. मागच्या वेळी अडलेल्या जागेच्या पुढे ती गेली, आणि मला वाटलं, जिंकलो.

साहेब आवाजावरून दमलेले वाटले, वाईट वाटले नाहीत. "खोली दाखवा."

मी लॅपटॉप उचलला. दोन शेपट्या सांभाळत दारावरचा नंबर दाखवला, ओटा, मोरी, पोटमाळा, सासऱ्यांची हार घातलेली तसबीर. काकीने स्वतःहून चौकटीवर बोट ठेवलं. तिथे तिच्या दोन्ही मुलांची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीने खुणावलेली आहे. "मुलं माझ्या गुडघ्याएवढी होती तेव्हापासूनच्या ह्या खुणा, साहेब."

"दिसतंय," साहेब म्हणाले. "आता नीट उत्तर द्या, हे मी नोंदवणार आहे. सासऱ्यांच्या निधनानंतर तुम्ही सलग इथेच राहत होता का? मध्ये कुठे स्थलांतर?"

हाच तो प्रश्न. यासाठीच सगळं.

काकीने श्वास घेतला, आणि खाली पंप थांबला. चाळीत अशी शांतता पसरली की मला क्षणभर बरं वाटलं. मग चौकटीतून माझी नजर आमच्या खिडकीकडे गेली. वायर पुरावी म्हणून राउटर खिडकीत आणून ठेवला होता. त्याचा दिवा लाल. मी मास्तरांच्या उंबऱ्यावरच्या राउटरकडे मान वळवली. तिथेही लाल.

पडद्यावर साहेबांचा चेहरा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी थांबला होता. दोन्ही आकडे थांबले होते. तिसरा शून्यावरच. काकीला यातलं काही कळलं नव्हतं, ती बोलत सुटली होती. "साहेब, मी लग्न होऊन ह्याच दारातून आत आले..."

चाचणीत हे असं झालं नव्हतं. चाचणीत मी वायर उपटली होती, आणि वायर उपटली की लॅपटॉपला लगेच कळतं. इथे वायरी जागेवर होत्या, राउटर चालू होते, तुटलं होतं ते त्यांच्यापुढे. लॅपटॉप समजत होता की दोन्ही वाटा जिवंत आहेत, जरा उशीर होतोय इतकंच. तो वाट बघत होता. राखीव वाटेला हात लावायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. आता दोनव काढ बघू, असं कालच काकी म्हणाली होती.

मी दोन्ही वायरी उपटल्या. निळी आणि करडी, एका झटक्यात.

तिसरा आकडा हलला. आधी सावकाश, मग पळू लागला. काकीच्या न पोचलेल्या वाक्याची सगळी पानं बाबांच्या छातीशी धरलेल्या फोनातून निघाली होती. मी कॅमेरा बंद केला, म्हणजे त्या बारीक वाटेवर फक्त आवाजाचं ओझं राहील. काकी अजून बोलत होती. "सासऱ्यांचं दुखणं इथेच काढलं. माझे यजमान इथूनच गेले. गणपतीला गावी जाते ती आठ दिवस, साहेब, तेवढीच. कुलूप लावायची सवयच नाही माझ्या दाराला."

मग काही नाही. मी बोटांवर सेकंद मोजत होते. सात झाले.

"चित्र गेलंय," साहेबांचा आवाज आला, थोडा चिरका. "मध्ये जरा अडकलं होतं. पण ऐकू आलं. आठ दिवस गावी. म्हणजे सलग वास्तव्य. शेजाऱ्यांचे जबाब जोडलेत?"

"जोडलेत साहेब. पिशवीत मूळ प्रतही आहे."

"राहू द्या. नोंदवून घेतो." टाइप केल्याचा आवाज आला. टाइप करता करता ते पुटपुटत होते, आणि पुटपुटलेले पहिले दोन शब्द आम्ही दोघींनी ऐकले. "अर्जदार हजर."

लॅपटॉप मिटताच काकी पाटावर बसली ती उठेचना. मी वायरी हातात धरून उभी होते. तेवढ्यात जिन्यावरून सेक्रेटरीकाका आले, आमच्या चाळ कमिटीचे, पासष्टीचे, प्रत्येक नोटीस शब्दशः पाळणारे. चेहऱ्यावर कमालीचं समाधान.

"कशी होती शांतता?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "तो पंप ऐन वेळी घरघरत होता. पंपाच्या खोलीची चावी घेऊन तो पंपवाला चहाला गेलेला. म्हटलं, उद्या फळ्यावर माझं नाव येईल, बिल्डरचा माणूस म्हणून. सरळ कॉमन मीटरचा मेन स्विचच पाडला! जिन्यातले दिवे, पंप, सगळं बंद."

"आणि जिन्याखालची पेटी?" मी विचारलं.

"पेटी? ती पण कॉमन मीटरवरच ना."

दोन कंपन्या, दोन वायरी, दोन बिलं, आणि एक पेटी, एक प्लग. माझा करी रोडचा पूल जिन्याखाली होता. आणि त्यावर पोलीस मीच उभे केले होते, खडूने, दोन रेघा मारून. माझं लिखाण लोक वाचत नाहीत अशी तक्रार मला आयुष्यात करता येणार नाही.

काकीने सेक्रेटरीकाकांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बरा केलात भावोजी. पण फुडच्या टायमाक आधी इचारा."

मी गॅलरीच्या टोकाला गेले. बाबा अजून तिथेच उभे होते, फोन दोन्ही हातांत, जराही न हलता. त्यांच्यासमोर मास्तर बालदी घेऊन ताटकळत होते.

"मधून जाऊ देत नाहीयेत," मास्तर म्हणाले. "म्हणे, माणूस मध्ये आला की लहरी अडतात. पाऊण तास झाला!"

"झालं का?" बाबांनी मला विचारलं.

"झालं. दोन्ही पुलावरच अडकल्या होत्या, बाबा."

त्यांनी मास्तरांना वाट दिली. मग फोन खिशात ठेवला आणि इतकंच म्हणाले, "चिंचपोकळी."

आदेश काही आठवड्यांनी आला. शेवटच्या ओळीत 'पात्र' असा शब्द होता, चाळीत पेढे वाटले गेले ते त्या शब्दाचे. पण काकीने मला पहिली ओळ दोनदा वाचायला लावली. अर्जदार हजर. दुसऱ्यांदा वाचताना ती स्वतःही ओठांनी ते म्हणत होती.

आमच्या चाळीत अजून अकरा खोल्यांच्या सुनावण्या व्हायच्या आहेत, आणि आजूबाजूच्या चाळींत कितीतरी. म्हणून मी 'गैरहजर कोण?' बाजूला ठेवून नवं पत्रक लिहिलं. एकच पान. लॅपटॉपवर काय चालू करायचं, सर्व्हरवर काय करायचं, फोन कुठे धरायचा. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी खाली माझा खोली नंबर. पहिली ओळ: 'जिन्याखालची पेटी केबलवाल्याकडून उघडून घ्या आणि आतले प्लग मोजा.' दुसरी: 'मेन स्विचजवळ एक माणूस बसवा.'

छापायच्या आधी मी ते काकीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग कागद हातात घेऊन उलटापालटा करून बघितला.

"ह्यात 'जुलमी' खंय नाय?"

"नाही, काकी."

"'धिक्कार'?"

"नाही."

"एक तरी घाल गो," ती म्हणाली. "नायतर लोकांका वाटतला, तू आजारी पडलंस."